डोंगर नसलेल्या शहरातून एंड्युरो शर्यतीला: नागपूरकर नवख्यांसाठी

एंड्युरो ही माउंटन बाइकची शर्यत, आणि तिच्यात घड्याळ फक्त उतारावर चालतं. दिवसभरात चार, पाच, कधी सहा-सात टप्पे असतात. प्रत्येक टप्पा म्हणजे डोंगरावरून खाली उतरणारी, फिती लावून आखलेली पाऊलवाट. वरच्या टोकाला एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात आणि खालच्या टोकाला वेळ थांबते. मग पुढच्या टप्प्याच्या माथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी पेडल मारत जायचं, चढ फारच उभा असेल तिथे सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन. या चढाची वेळ मोजत नाहीत, पण दिलेल्या मिनिटाला माथ्यावर हजर नसाल तर दंड बसतो. सगळ्या उतारांच्या वेळेची बेरीज ज्याची कमी, तो पुढे.

क्रॉस-कंट्रीत चढ आणि उतार दोन्ही मोजले जातात. डाउनहिलमध्ये एकच उतार असतो आणि वर जायला गाडी किंवा लिफ्ट मिळते. एंड्युरो या दोन्हींच्या मधली. फ्रान्स-इटलीकडे ती वाढली, २०१३ मध्ये इटलीतल्या पुंता आला इथून 'एंड्युरो वर्ल्ड सिरीज' सुरू झाली आणि २०२३ पासून ती मालिका यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, विश्वचषकात गेली. आपल्याकडे राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल असतात. एंड्युरो बहुतेक वेळा स्वतंत्र आयोजक भरवतात, म्हणून नियम शर्यतीगणिक बदलतात. शिमल्याची 'एमटीबी हिमालय' ऐकून माहीत असेल, तर ती वेगळी: अनेक दिवस चालणारी, चढासकट सगळी वेळ मोजणारी शर्यत. दोन्हींची तयारी सारखी नाही.

आता नागपूरचं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, आणि टेकड्या सोडल्या तर सपाट. दम ही इथल्या सायकलवाल्यांची अडचण नाही. २०१७ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी शर्यत एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ याच शहराचे. दिवसभर सीटवर बसून राहणं आपल्याला जमतं. कमी पडतात ते हात. सुट्या दगडांवरून पाच-दहा मिनिटं सलग उतरताना बोटं ब्रेकवर असतात, बाहू दगडांचे धक्के खातात, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग दगडासारखा घट्ट होतो. बोटं उघडत नाहीत, मिटत नाहीत. अवघड शर्यतीत नवखे पडतात ते बहुतेक तेव्हा. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: ब्रेक थोडा वेळ, पण जोरात लावायला शिका, आणि हात शेवटच्या टप्प्यासाठी शिल्लक ठेवा. त्यासाठी हिमालय लागत नाही. एक मैदान आणि एक टेकडी पुरते.

शर्यत निवडताना

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करा आणि विचारा: एकूण चढाई किती मीटर? टप्पे किती, सगळ्यात लांब टप्पा किती मिनिटांचा? आदल्या दिवशी सराव करू देतात का, की वाट पहिल्यांदाच शर्यतीत पाहायची? चढाला वेळेची मर्यादा काय? फुल-फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, हेल्मेट सक्तीचं आहे का? मागे सस्पेंशन नसलेल्या सायकलींचा, म्हणजे हार्डटेलचा, वेगळा गट आहे का? महिलांचा, चाळिशीपुढच्यांचा, अठरा वर्षांखालच्यांचा?

आणि एक प्रश्न कधीच सोडू नका: रुग्णवाहिका कुठे उभी असेल आणि तिसऱ्या टप्प्याच्या मध्यावर पडलेल्या माणसापर्यंत मदत कशी पोहोचेल? याचं नीट उत्तर न देणाऱ्या शर्यतीत मी तुम्हाला जाऊ नका असंच सांगेन, बक्षीस कितीही मोठं असो. स्वतःचा अपघात विमाही तपासा. काही पॉलिसी साहसी खेळ किंवा शर्यतीतली दुखापत वगळतात, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पहिल्याच वर्षी सर्वांत अवघड शर्यत धरली तरी चालेल, पण हातात किमान चार महिने हवेत. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर तयारी ऐन पावसाळ्यात येते, फेब्रुवारी-मार्चात असेल तर दिवाळीच्या आसपास सुरू करता येते. नागपुरात दुसरा पर्याय सोपा. हवा थंड, जमीन कोरडी, पहाटे श्वास नीट चालतो.

सायकल: काय हवंच, काय नको

विश्वचषकातल्या एंड्युरो सायकलींना पुढे-मागे १५० ते १८० मिलिमीटर दबणारं सस्पेंशन असतं आणि किंमत लाखांत. सुरुवातीला ती घेऊ नका. १२० ते १४० मिलिमीटर दबणारा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, असलेली चांगली हार्डटेल पुरते, आणि हार्डटेलवर चूक लगेच कळते म्हणून शिकणंही पक्कं होतं. मात्र मॉलमध्ये मिळणारी, जाड टायरची, दिसायला माउंटन बाइकसारखी सायकल चालणार नाही. तिचा फोर्क आणि चाकं असल्या उतारासाठी बनवलेली नसतात.

पैसे मोजकेच असतील तर या क्रमाने खर्च करा: हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, टायर, ड्रॉपर सीटपोस्ट, आणि मग बाकी सगळं.

ब्रेक चार पिस्टनचे असले तर उत्तम. पुढचा रोटर, म्हणजे पॅड जिला चिमटतात ती चकती, १८० मिलिमीटरचा तरी असावा, तुमचं वजन जास्त असेल तर २००चा. ब्रेकचं तेल कोणतं ते माहीत करून घ्या, कारण काही ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालतं तर काहींमध्ये डॉट फ्लुइड. एकात दुसरं घातलं की सील खराब होतात. नवे पॅड टाकल्यावर तसेच शर्यतीला जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक न अडकवता, वीस-पंचवीस वेळा जोरात वेग कमी करा. तेव्हा कुठे पॅड आणि रोटर एकमेकांना बसतात.

टायर २.४ इंचांच्या आसपास, बाजूची भिंत जाड असलेले, ट्यूबलेस. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाने हवेचा दाब पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २७ पीएसआयपासून सुरुवात करावी. रिम दगडावर आपटल्याचा आवाज येत असेल तर एकेक पीएसआय वाढवा, चाक दगडावरून उडत असेल तर कमी करा. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका, डिजिटल गेज विकत घ्या. आपल्या उन्हाळ्यात ट्यूबलेसचं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा आतला द्रव, फार लवकर वाळतं, म्हणून मार्च ते जून दर महिन्याला व्हॉल्व्ह काढून पाहा. आत ओलं नसेल तर भरा. आणि चाक फुगवायच्या गॅसच्या छोट्या नळकांड्या बंद गाडीत भर उन्हात ठेवू नका. त्यांच्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी केलेली मोटार ती सहज ओलांडते.

ड्रॉपर म्हणजे हँडलवरच्या बटणाने सीट खाली-वर करणारा खांब. उतारावर सीट खाली गेली की शरीराला हलायला जागा मिळते. नसेल तर प्रत्येक टप्प्याआधी क्विक रिलीजने, म्हणजे हाताने उघडणाऱ्या कळीने, सीट खाली करा. वेळ जातो, पण चालतं.

पेडलबद्दल नेहमी विचारतात: बूट अडकवायचे की मोकळे? मोकळे, म्हणजे फ्लॅट पेडल आणि चिकट तळव्याचे बूट. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तीन वर्षं सलग एंड्युरो वर्ल्ड सिरीज फ्लॅट पेडलवर जिंकला. पाय चटकन जमिनीवर टेकवता येतो हा नवख्यासाठी मोठा आधार आहे.

सस्पेंशनला हवा भरताना हेल्मेट, पाण्याची पिशवी, पॅड असं सगळं अंगावर चढवून सायकलवर बसा आणि दांड्यावरची रबरी रिंग किती सरकते ते पाहा. फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या सुमारे २० टक्के दबला पाहिजे, मागचा शॉक (असेल तर) सुमारे ३० टक्के. हवेच्या दाबाचा आकडा एकदा वहीत लिहून ठेवा. शर्यतीच्या सकाळी त्याचा उपयोग होतो.

अंगावर

फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल किंवा चष्मा. कोपराचे पॅड आणि पाठीचं कवच असलं तर छानच. बाजारात मोटारसायकलचं हेल्मेट स्वस्त मिळतं म्हणून ते घालणारे दिसतात. ते जड असतं आणि चढावर डोकं तापवतं. सायकलसाठी बनवलेलं, हनुवटीचा भाग काढता येणारं हेल्मेट आपल्या हवेला सगळ्यात बरं, चढाला तो भाग काढून बॅगेला अडकवायचा. मात्र असं हेल्मेट त्या शर्यतीच्या नियमात बसतं का ते आधी पाहा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजा.

सराव कुठे करायचा

नागपूरची जमीन पाहिली की सरावाचं निम्मं गणित सुटतं. पश्चिमेकडे काळ्या बसाल्टच्या बुटक्या टेकड्या आहेत, वर मुरूम आणि सुटी गिट्टी. त्यांच्यामधल्या सखल भागात काळी माती. ईशान्येला रामटेक-मनसरकडे खडक बदलतो आणि टेकड्या अधिक ठाम होतात.

मुरमावरचा सराव फार मोलाचा. वरचे खडे गोळ्यांसारखे निसटतात, त्यामुळे पुढचा ब्रेक वळणात जरा जास्त दाबला की चाक बाजूला जातं. जो मुरमावर वळायला शिकला तो सह्याद्रीच्या सुट्या दगडावर घाबरत नाही. पाऊस पडल्यावरही मुरमाच्या टेकड्या लवकर मोकळ्या होतात. काळ्या मातीच्या पांदणींवर मात्र पावसात जायचंच नाही. दहा-वीस मीटरमध्ये टायर आणि फ्रेमच्या मध्ये गारा भरतो, चाक फिरायचं थांबतं, गिअर बदलणारा डिरेल्युअर ओढला जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो. शिवाय तुमच्या चाकोऱ्या पुढे बैलगाडीला आणि शेतकऱ्याला भोगाव्या लागतात.

शहरातल्या शहरात फुटाळा, सेमिनरी हिल्स, टीव्ही टॉवर, गोरेवाडा हा पट्टा रोजच्या चढ-उतारासाठी चांगला. उंची थोडीच, म्हणून एक फेरी मारून घरी जायचं नाही, तोच चढ परत परत मारायचा. सकाळी इथे पायी फिरणाऱ्यांची गर्दी असते. त्यांना पाहून वेग कमी करा, घंटी वाजवा, आजी-आजोबांना रस्ता द्या. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे अंधारात कडेकडेने एकट्याने फिरू नका. वनविभागाच्या हद्दीतल्या पायवाटांवर गेटवर विचारल्याशिवाय सायकल घालू नका. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला यांच्या जंगलवाटा तर आपल्यासाठी नाहीतच. तिथे शर्यतीचा सराव करायचा विचारही मनात आणू नये.

सुटीच्या दिवशी हिंगण्यापलीकडे झिल्पीच्या बाजूला, अमरावती रोडवर कोंढाळीकडे, किंवा कळमेश्वरच्या पुढे आदासाच्या टेकडीकडे जा. या भागात गुरं चरायला नेण्याच्या वाटा असतात. ज्याची जमीन त्याला आधी भेटा. "काका, इथून सायकली नेऊ का?" असं विचारलं की बहुधा नाही म्हणत नाहीत, उलट कोणती वाट कुठे निघते ते सांगतात. पीक उभं असेल तर बांधही ओलांडू नका.

रामटेकला गडमंदिरापर्यंत जाणारा गाडीरस्ता चढाईच्या सरावासाठी फार चांगला आहे. पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचा मोह होईल. करू नका. ती भाविकांची वाट आहे.

लांब उतार हवाच, म्हणून शर्यतीआधी निदान दोनदा घाट गाठा. अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे आणि परतवाड्याकडे उतरणारा रस्ता हातांची आणि ब्रेकची खरी परीक्षा घेतो. दुसरीकडे छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट आणि पुढे तामिया. या रस्त्यांवर गाड्या, बस, ट्रक असतात, म्हणून इथे वेग आजमावायचा नाही. इथे शिकायचं ते एवढंच की दहा-पंधरा मिनिटं उतरताना ब्रेक घासत न ठेवता कसा वापरायचा. मेळघाटाच्या जंगलात शिरायचं नाही, डांबर सोडायचं नाही.

हात, डोळे, पाय

नवखा माणूस उतारावर दोन्ही ब्रेक हलके दाबून धरतो आणि तसाच खाली येतो. त्याला वाटतं सायकल ताब्यात आहे. प्रत्यक्षात तीन गोष्टी बिघडत असतात. पॅड आणि रोटर सतत तापतात, ब्रेकची लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागते. टायर अर्धवट अडलेलं असल्याने दगडावर चढत नाही, आपटतं. आणि बोटांचे स्नायू एक क्षणही सैल होत नाहीत. यातली तिसरी गोष्ट तुमची शर्यत संपवते.

यावर उपाय मैदानावर. डांबर नको, माती हवी. जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. तीस पावलांवरून वेग घेऊन या आणि रेघ आली की दोन्ही ब्रेक लावा, एकेका बोटाने. कुठे थांबलात तिथे दगड ठेवा. पुन्हा या, दगड रेघेच्या आणखी जवळ आणायचा प्रयत्न करा. मागचं चाक घसरायला लागलं की ब्रेक किंचित सोडून परत धरा. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याची भीती जाईपर्यंत हाच खेळ. टाचा खाली, कंबर मागे न नेता खाली, गुडघे-कोपरं वाकलेली. वजन पायांत, हँडलवर हात फक्त ठेवलेले. आठवड्यातून दोन सकाळी, अर्धा-अर्धा तास. महिनाभराने तुम्हाला सरळ वाटेवर ब्रेक पूर्ण सोडून द्यायचं धैर्य येतं, कारण हवं तिथे थांबता येईल ही खात्री असते. सोडलेला प्रत्येक सेकंद बोटांना विश्रांती.

लिव्हरची जागाही पाहा. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकाला बसलं पाहिजे. बोट ताणून धरावं लागत असेल तर लिव्हर जवळ आणा, हँडलवर आत सरकवा. पाच मिनिटांचं काम, पण लोक वर्षानुवर्षं करत नाहीत.

वळण: वेग वळणाआधी कमी, वळणात ब्रेक मोकळे. सपाट, सुट्या वळणावर बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन, सायकल आत झुकवा, स्वतः कमी झुका. नजर वळणाच्या शेवटाकडे. चाकासमोर पाहिलं की चाकासमोरच्या दगडावरच जाता. दोन बाटल्या दहा पावलांवर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरा, दोन्ही दिशांनी. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. कच्च्या बाजूला दुप्पट वेळ द्या.

दगडांच्या पट्ट्यात वेग फार कमी केला तर चाक खाचेत अडकतं. आत शिरण्याआधी वेग ठरवा, मग ब्रेक सोडा आणि पट्ट्यापलीकडे पाहा. उंचवट्यावरून खाली उतरायचं असेल तर आधी फुटपाथची कड, मग गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. कमरेएवढ्या उंचीचा सराव एकट्याने कधीच करू नका.

अंगाची तयारी

आठवड्याला चार दिवस सायकल, दोन दिवस व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम. चारपैकी एक दिवस लांब, चार ते पाच तासांची सावकाश स्वारी. एक दिवस चढाच्या फेऱ्या: चार मिनिटं जोर, चार मिनिटं सैल, पाच वेळा. उरलेले दोन दिवस वर सांगितलेलं कौशल्य, त्यात दमायचं नाही, कारण दमलेलं शरीर चुकीचं शिकतं.

व्यायामात बैठका, पुश-अप, आणि दोन गोष्टी खास हातांसाठी. एक, बारला लटकून राहणं, तीस सेकंदांपासून वाढवत. दुसरी, दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन घेऊन चालणं. शेवटच्या महिन्यात लांब स्वारीच्या शेवटी, पाय जड झालेले असताना, टेकडीवरून तीन-चार उतार मारा. शर्यतीत तसंच होणार आहे. शेवटच्या आठवड्यात मात्र सगळं निम्म्यावर आणा.

उन्हाळ्यात पहाटे पाचला बाहेर पडा आणि साडेसातला घरात या. नवतपात तर तेही नको, घरातच व्यायाम करा. उन्हात सराव केल्याने शरीर उष्णतेला सरावतं हे खरं, पण ४५ अंशांत फुल-फेस घालून चढ मारणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. डोकं जड वाटू लागलं, घाम थांबला किंवा बोलताना गोंधळ झाला तर सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

खाणं-पिणं

शर्यतीचा दिवस पाच ते आठ तासांचा. दर तासाला पन्नास-साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ओआरएसने ते होत नाही: एका लिटरच्या पाकिटात साखर साडेतेरा ग्रॅम. ते मिठासाठी घ्या, पोटासाठी खजूर, केळी, राजगिऱ्याची चिक्की, गुळाची पोळी. जे सरावात पचलं तेच शर्यतीत. तर्री-पोहे माझे जीव की प्राण, पण शर्यतीच्या सकाळी साधे पोहे किंवा भात-वरण, सुटण्याआधी अडीच-तीन तास. खायचं ते टप्पा संपल्यावर, खाली, चढ सुरू होण्याआधी. माथ्यावर पोहोचून खाल्लं तर तेच अन्न पोटात घेऊन उतरावं लागतं.

प्रवास

नागपूर मोठं जंक्शन आहे, त्यामुळे सायकल रेल्वेने नेता येते. पुठ्ठ्याचं खोकं सायकलच्या दुकानात मागितलं की मिळतं. पेडल, पुढचं चाक आणि हँडल काढा, डिरेल्युअर काढून फ्रेमला बांधा, रोटरला पुठ्ठा लावा, पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती अडकवा, नाहीतर वाटेत कोणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येतात. शर्यत २,५०० मीटरच्या वर असेल तर दोन-तीन दिवस आधी पोहोचा. ३१० मीटरवर राहणाऱ्याला तिथे पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. डोकेदुखी, मळमळ वाढत असेल तर आणखी वर जाऊ नका.

सरावाचा दिवस

प्रत्येक टप्पा एकदा सावकाश उतरा. अवघड जागा दिसली की थांबा, बाजूला व्हा, सायकल ठेवून पायी परत वर जा आणि दोन-तीन जण तिथून कसे जातात ते पाहा. सगळी वाट लक्षात राहत नाही, ठेवूही नका. प्रत्येक टप्प्यातल्या तीन जागा लक्षात ठेवा: जिथे पडू शकता, जिथे पेडल मारावं लागेल आणि जिथे वाट दिसते त्यापेक्षा अचानक वळते. अवघड जागेला सहसा एक सोपी वाट बाजूने काढलेली असते. चार-पाच सेकंद जास्त लागतात. पहिल्या शर्यतीत ती घ्या.

दिवसभर उतारच उतार मारत बसू नका. हात आजच संपतील.

शर्यतीचा दिवस

बॅगेत पंप, मल्टिटूल, ट्यूबलेसच्या भोकात खुपसायचे प्लग, एक ट्यूब, तुटलेली चेन जोडणारी क्विक लिंक, तुमच्याच सायकलचा डिरेल्युअर हँगर, थोडी टेप, मलमपट्टी, शिट्टी, चार्ज केलेला फोन. बाहेरून मदत घ्यायला बहुतेक शर्यतींत बंदी असते, मदत फक्त ठरवलेल्या जागी. मोठ्या शर्यतींत फ्रेम, चाकं आणि सस्पेंशनवर स्टिकर लावून खूण करतात, मध्येच बदलता येत नाही. म्हणजे जी सायकल घेऊन सुटाल तिलाच सांभाळून आणायचं आहे.

सुटण्याच्या वेळा कागदावर लिहून हँडलला चिकटवा. चढाला घाई नको. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच जोराने, म्हणजे माथ्यावर दहा मिनिटं हाताशी राहतात. त्या वेळात हात झटका, बोटं मागे ताणा, टायरमधली हवा गेली नाही ना ते दाबून पाहा, ड्रॉपर खाली करा, फोर्कचं लॉकआउट, म्हणजे चढाला तो घट्ट करणारी कळ, उघडा. लॉकआउट विसरणारे प्रत्येक शर्यतीत भेटतात.

पहिला टप्पा मुद्दाम हात राखून चालवा. ओळखीच्या टेकडीवर जेवढ्या वेगात जाता त्याच्या थोडं खाली. या खेळात पडून उठायला, साखळी बसवायला, हँडल सरळ करायला अर्धा-एक मिनिट जातं, आणि वेगाने चालवून ते अर्धं मिनिट नवख्याला परत मिळत नाही. सगळे टप्पे न पडता पार केले तर पहिल्याच शर्यतीत तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे असाल. उतारावर घट्ट धरलेली मूठ जाणवली की श्वास मोठ्याने सोडा. बोटं आपोआप सैल होतात.

मागून कोणी ओरडलं की पहिल्या सुरक्षित जागी बाजूला व्हा. फितीबाहेरून वाट कापू नका, त्याला दंड असतो किंवा बाद करतात. चाकात हवा राहिली नाही तर प्लग मारून पुढे जा. ट्यूब टाकायची वेळ आली तर वाट सोडून बाजूला बसा.

कोणी पडलेला दिसला आणि उठत नसेल तर थांबा. तुमची वेळ गेली तरी थांबा. शिट्टी वाजवा, मागच्याला वर हात करून अडवा, पुढच्याला मार्शलकडे, म्हणजे वाटेवर उभ्या आयोजकांच्या माणसाकडे, पाठवा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. डोक्याला मार लागलेला कितीही "मी बरा आहे" म्हणाला तरी त्याची शर्यत तिथे संपली. हाच नियम तुम्हाला स्वतःलाही लागू.

मुलींनी या खेळात यावं असं मला फार वाटतं. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या तिन्ही वर्षी, २०१३ ते २०१५, महिलांचं विजेतेपद ब्रिटनच्या ट्रेसी मोझलीकडे होतं. शर्यतीत महिलांच्या गटात दोन-तीनच नावं असली म्हणून नोंदणी टाळू नका. आणि सरावाला पहाटे टेकडीवर चार जणींचा गट करा.

परतल्यावर

सायकल धुताना बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. पॅडची जाडी पाहा. धातूची पट्टी सोडून एक मिलिमीटरही उरलं नसेल तर बदला. रिमला कुठे वाक आला का, स्पोक सैल झालेत का, फ्रेमवर, विशेषतः जोडांपाशी, बारीक भेग दिसते का ते उजेडात तपासा. टायरमधले प्लग पंक्चरवाल्याकडून आतून पॅच करून घ्या. मग निकालाचा तक्ता काढा आणि एकूण क्रमांक बाजूला ठेवून प्रत्येक टप्प्यातली तुमची वेळ तुमच्या गटातल्या मधल्या क्रमांकाच्या वेळेशी ताडून पाहा. शेवटच्या दोन टप्प्यांत फरक वाढत गेला असेल तर हात आणि दम कमी पडले, लटकणं आणि लांब स्वाऱ्या वाढवा. एखाद्याच टप्प्यात मोठा फरक असेल तर त्या वाटेवर काय होतं ते आठवा, सुटी वळणं की दगडांचा पट्टा, आणि पुढचा महिना हिंगण्याकडच्या मुरमावर तेवढंच करा.